घेवड्याची साक्ष

टोमॅटोची पानं वळायला लागली तेव्हाच मी ओळखलं, हे काम धाकटीचं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमची घरं दोन, मागचं अंगण मात्र एकच. अर्ध्यात माझे भाजीचे वाफे, अर्ध्यात तिचे गुलाब. मी भाजीला रसायनाचा थेंब लावत नाही. माझा भाऊ एका क्लबच्या मैदानावर माळी आहे. तो कापलेलं गवत पोत्यांनी आणून देतो, ते कुजवून मी खत करते. बस्स. आणि ही बाई पाठीला पंप अडकवून गुलाबांवर औषध मारते! वारा कुठून कुठे वाहतो ते मला कळत नाही होय?

पानं उलटीपालटी करून पाहिली, कीड म्हणून सापडली नाही. शेंडे पिळवटलेले, घेवड्याची पानं तर आवळलेल्या मुठीसारखी. वर धाकटी गोड आवाजात विचारते, "ताई, पाणी जास्त होत असेल का हो?" मला पाणी शिकवते!

मी पडद्याआडून तिच्यावर पाळत ठेवली. एकदा ती माझ्या वाफ्यात वाकलेली दिसली, तशीच पिठाच्या हातांनी धावले. "काय टाकलंस?"

"छकुलीची चप्पल राहिली होती," ती म्हणाली. हातात चप्पल होती खरी. पण चप्पल मुद्दाम टाकून ठेवता येत नाही का?

छकुली तिची मुलगी. शाळेतून आली की दप्तर घरात भिरकावते आणि माझ्या वाफ्यात उभी राहून कोवळ्या शेंगा कच्च्याच खाते. मला मूलबाळ नाही, त्या पोरीवर माझा जीव आहे. औषधाच्या शेंगा तिच्या पोटात जाणार, या विचाराने माझं डोकंच फिरलं. रविवारी छकुलीसकट सगळे जेवत असताना मी धाकटीला नाही नाही ते बोलले. "पोटच्या पोरीच्या तोंडात विष घालायला लाज नाही वाटत?"

"अगं, पुरावा काय?" हे म्हणाले. मी ह्यांनाही झाडलं आणि तिथेच सांगून टाकलं, अंगणात भिंत घाला. दीर ताटावरून उठला. चार दिवसांत विटा येऊन पडल्या. छकुलीचं काय, ती पुढच्या दाराने येईल, अशी मी मनाची समजूत घातली.

पुरावा हवा ना? देते! दोन कुंड्या घेतल्या. एकीत धाकटीच्या गुलाबांखालची माती गुपचूप आणून भरली, दुसरीत माझं सोन्यासारखं खत. दोन्हींत घेवडा पेरला आणि कुंड्या स्वयंपाकघराच्या बंद खिडकीत ठेवल्या.

तिच्या मातीतला घेवडा सरळ, टवटवीत वर आला. माझ्या खतातला मुठी आवळून.

ह्यांनी कुंड्यांची अदलाबदल केली असेल, असंसुद्धा मला वाटून गेलं. मग भावाला फोन लावला. "गवतावर काही मारता का रे?"

"तणनाशक मारतो की. गवताला काही होत नाही त्याने, रुंद पानांचं तेवढं जळतं. का गं?"

किती सहज म्हणाला! गवत कुजलं, पण ते औषध तसंच माझ्या खतात उतरलं होतं. मी अख्ख्या घराची उलटतपासणी घेतली, सख्ख्या भावाला विचारायचं मला सुचलंच नाही.

अंगणात गवंडी दोरी बांधत होता. "थांबा हो, थांबा!" मी ओरडले आणि धाकटीच्या दारात गेले. शरमेने मान वर होत नव्हती. तरी सगळं सांगितलं, हात जोडले. "चुकलं माझं. भिंत नको."

आत छकुली दूध पीत बसली होती. मला पाहून उठली, आईकडे बघून पुन्हा खाली बसली.

"तुमच्या मनातलं गेलं, बरं झालं, ताई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पण ही पोरगी आता मी दिलेलं दूध आधी हुंगते. विचारते, आई, यात काय घातलंस?"

मग माझ्या खांद्यावरून बघत ती गवंड्याला म्हणाली, "दादा, घ्या बांधायला."