नवमीचं ताट

शेळी मघापासून ओरडत होती. तिचं तरी काय चुकलं? नवरात्रातल्या नवमीला दुपारी या घरात पुरणपोळी येते आणि ती आपल्यासाठीच येते, हे तिच्या आईला, आजीला आणि पणजीलाही ठाऊक होतं.

"वरड, वरड," मनकर्णा म्हणाली. "आज न्हाई भेटायची तुला."

तेलगावच्या सरकारी दवाखान्यात ती परिचर होती. फरशी पुसायची, बाळंतिणींच्या चादरी धुवायच्या, आणि पुन्हा फरशी पुसायची, असं तिचं आयुष्य. सकाळची पाळी करून ती नुकतीच आली होती आणि गुडघे चोळत उंबऱ्यावर बसली होती. समोर स्टुलावर झाकलेलं ताट होतं, शेजारच्या शिवकन्याच्या घरून आलेलं.

बावीस वर्षांपूर्वी मनकर्णाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा जुन्या पाळकांनी बजावलं होतं की मूर्तीला दाखवलेला नैवेद्य आता खायचा नाही. ती एका शब्दात हो म्हणाली. त्याच साली नवमीला शिवकन्या ताट घेऊन दारात उभी राहिली. आसपासच्या बाया मनकर्णाच्या घरचं पाणी घेताना तोंड फिरवायच्या; तिच्या ओट्यावर बसून चहा पिणारी शिवकन्या ही पहिली बाई. तिला नाही कसं म्हणायचं? मनकर्णाने ताट घेतलं आणि मागच्या दारी शेळीपुढे ओतलं. रिकामं ताट परत करायचं नसतं, म्हणून धुऊन त्यात मूठभर साखर घातली आणि नेऊन दिलं.

"लई झ्याक झाल्यात्या पोळ्या, आक्का."

तिथून ते दरसाल सुरू झालं. पोळ्या शेळीच्या पोटात आणि खोटं मनकर्णाच्या. आधी तिला त्याचं काही वाटत नसे. उलट आपण देवासाठी काहीतरी सोडतोय, याचा थोडा अभिमानच होता. पन्नाशी उलटली आणि ते खोटं जड व्हायला लागलं. खोटं बोलायचाही माणसाला शीण येतो. गेल्या उन्हाळ्यापासून तर तिने चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेणंच सोडलं होतं. तबक समोर आलं की ती शेजारणीकडे सरकवायची.

नवे पाळक युवराज यांच्या ते ध्यानात आलं. मागच्या रविवारी त्यांनी तिला थांबवून विचारलं. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "मावशी, तुम्ही खाल्लं नाही ना? मग पाप नाही."

"खाल्लं न्हाई, पर रेटून खोटं बोलले की. त्याचं काय?"

पाळक शिकलेले होते, मनाने चांगले होते, पण घाईत होते. दिंद्रुडला त्यांची दुसरी उपासना होती. "आपण त्यासाठी प्रार्थना करू," म्हणाले आणि त्यांनी गाडीला किक मारली.

आता थांबायला वेळ नव्हता. शिवकन्याला उन्हाळ्यात लकवा मारून गेला होता, उजवा हात लुळा पडला होता. दसरा झाला की मुलगा समाधान तिला पुण्याला नेणार होता, कायमचं. सून स्वप्नाली दोन दिवसांपासून सामान बांधत होती. खरं काय ते सांगायचं असेल तर आजच. मनकर्णाने ताट उचललं, भरलेलं होतं तसंच, आणि निघाली.

शिवकन्या ओसरीवर बाजेवर बसली होती. ताट जसंच्या तसं परत आलेलं बघून तिने आठ्या घातल्या.

"कावून गं? भूक न्हाई का?"

मनकर्णा उभ्यानेच बोलली. बसली असती तर धीर झाला नसता. "आक्का, तुमच्या घरची पोळी मी कवाच खाल्ली न्हाई. येसूची झाल्यापसून नैवेद्य चालत न्हाई मला. दरसाल शेळीला घातली, अन् तुमाला ग्वाड लागली म्हणून सांगितलं. मला माफ करा."

आत स्वप्नाली भांडी गोणीत भरत होती, तेवढाच आवाज.

"शेळीला," शिवकन्या शेवटी म्हणाली.

"व्हय."

"नैवेद्याची नव्हती ती."

मनकर्णाने हातातल्या ताटाकडे पाहिलं.

"तुला चालत न्हाई, हे मला ठावं न्हाई व्हय? म्हणून तुझं ताट पयलं काढीत व्हते, देवीला दावायच्या आदी. सासू जित्ती व्हती तवा. देवीच्या आदी माणसाला वाढलं म्हणून लई बोलली मला. म्हणलं, बोलंना का. दरसाल तुझं ताट काढायचं, मंग नैवेद्य दावायचा, अन् पाया पडून माफी मागायची. तलवाड्याच्या देवीला ठावं हाय सगळं."

"मंग मला कावून न्हाई सांगितलं, आक्का?"

"तू ग्वाड लागली म्हणायचीस. मला वाटलं, समजलंय तुला."

मनकर्णा पायरीवर बसली. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हळहळ वाटली. बावीस नवम्या झाल्या होत्या. जिने आपल्यासाठी स्वतःच्या देवीचा अपराध केला, तिचं अन्न आपण मागच्या दाराने ओतत आलो.

"खा आता," शिवकन्या म्हणाली. आवाजात राग होता. "माझ्यासमूर खा."

मनकर्णाने झाकण काढलं. पोळी गार झाली होती, कडा वाळल्या होत्या. डोळे मिटून तिने जेवणाआधीची प्रार्थना केली आणि घास घेतला. शिवकन्या तिच्या तोंडाकडे बघत होती.

"कशी झालीय?"

लई झ्याक, हे शब्द सवयीने जिभेवर आले. मनकर्णाने ते घासाबरोबर गिळले.

"पुरणात कणी लागतीय, आक्का. डाळ नीट शिजली न्हाई."

शिवकन्या हसली. लकव्याने ओढलेलं तोंड एकाच बाजूने हसलं. "सुनेनं केलंय ह्या साली. मी नुसतं बसून सांगत व्हते, आदी मनकर्णाचं ताट काढ म्हणून." मग तिचं हसू गेलं. मांडीवरचा उजवा हात तिने डाव्या हाताने उचलला, पालथा केला आणि परत ठेवला.

"माझ्या हातची खायची ऱ्हायलीच की गं तुझी."

ताट मांडीवर घेऊन मनकर्णा खात राहिली, कच्ची कणी चावून चावून, शेवटचा तुकडा संपेपर्यंत. तिकडे तिच्या अंगणात शेळी अजून ओरडत होती.