दोन उत्तरांमधली उडी

सर्कशीच्या तंबूत दुपारची तालीम चालू होती. पहिलवान उंच घडवंचीवरून फळीच्या एका टोकावर धाडकन उडी मारायचा, की दुसऱ्या टोकावर उभी असलेली कसरतपटू चिमणी वर उडायची. पाच मीटर उंचीवर तिचा नवरा झोक्याला उलटा लटकलेला. त्याने तिला झेलायचं. पण तीन दिवस झाले, जमतच नव्हतं. कधी ती खालीच राहायची, कधी इतक्या जोरात वर जायची की त्याच्या हातांना हिसका बसून ती निसटायची. जाळी होती म्हणून निभावलं.

चिमणीची थोरली बहीण शाळेत गणित शिकवायची. सुट्टीत भेटायला आली आणि मोबाईलवर उड्यांचं चित्रण करून मातीतच आकडे मांडत बसली.

"हे बघ. त्याच्या हातांच्या उंचीवर तू कधी असशील, ते हे वर्गसमीकरण सांगतं. वेगाचा वर्ग वजा शंभर, हा त्याचा विवेचक. मघाशी वेग सेकंदाला नऊ मीटर होता. एक्याऐंशी वजा शंभर."

"उणे आलं."

"म्हणजे वास्तव उत्तरच नाही. तू तिथं पोचतच नाहीस! अकरा केला तर उत्तरं दोन. एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. पण तेव्हा वेग फार. बरोब्बर दहा हवा. विवेचक शून्य, उत्तर एकच, आणि त्या क्षणी तू हवेत थांबलेली!"

चिमणी उकिडवी बसून आकड्यांकडे बघत राहिली. "ताई, शून्य नको गं. एकच क्षण, आणि तोच हुकला तर? वेग जरासा जास्त दे."

ताईने भराभर गणित केलं. दहा पूर्णांक एक दशांश. विवेचक दोनच्या आसपास. दोन उत्तरांमध्ये पाव सेकंदापेक्षा जास्त अंतर, आणि तेवढा वेळ चिमणी हातांच्या चार-पाच बोटंच वर, जवळजवळ तरंगत.

"अगं, इतकी वर्षं शिकवतेय, पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही!" ती ओरडली. "पहिलवान, घडवंची जरा उचला!"

आधी चिमणीच्या वजनाची वाळूची गोणी उडवून पाहिली. घडवंची दोनदा खालीवर केली, तेव्हा कुठे वेग जुळला. मग चिमणी फळीवर उभी राहिली.

धाड! चिमणी वर गेली, क्षणभर पिसासारखी रेंगाळली, आणि नवऱ्याने सावकाश, जणू फळ तोडावं तशी तिची दोन्ही मनगटं धरली.

"धरली!" तो वरून गरजला.

ताई आकड्यांवरच नाचायला लागली. नवऱ्याने हात सोडताच चिमणी खिदळत जाळीत पडली, आणि उठायच्या आतच तिची हाक आली, "पहिलवान, चढा परत!"