लाल दोऱ्याची तुकडी

“हे काय आहे?”

नव्या कमांडंटनी पहिल्या रांगेतल्या मुलाचं डावं मनगट दोन बोटांनी वर उचललं. मनगटावर लाल सुताचा दोरा होता. शेजारच्या मुलाच्या हातावरही होता, त्याच्या पलीकडच्याच्याही. नव्या तुकडीतल्या बावीसच्या बावीस पोरांच्या डाव्या मनगटावर लाल दोरा.

“कुठल्या देवाचा?”

मुलगा बिचारा घाबरून दशरथमामांकडे बघायला लागला. मामा टाचा जुळवून एक पाऊल पुढे आले.

“देवाचो नाय, सायब. पायाचो.”

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मेजर चंद्रप्रकाश दळवी हसले नाहीत. “गणवेशावर दोरा चालत नाही. काढा सगळे,” एवढंच म्हणून ते पुढच्या तुकडीकडे वळले. रत्नप्रभा मुलींच्या तुकडीपुढे उभी राहून हे सगळं बघत होती. बावीस मनगटांवरून बावीस दोरे सुटले आणि मामांनी ते एकेक करून आपल्या खिशात घातले. एकही जमिनीवर पडू दिला नाही.

गोरेगाव पूर्वेच्या शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी भरणारं हे छात्रपथक सरकारी नव्हतं. बारा वर्षांपूर्वी भाऊ नावाच्या निवृत्त सुभेदारांनी ते सुरू केलं. खाकी गणवेश, बेरे टोपी, लष्करी कवायत. पण शिकवणारे सगळे हौशी, बिनपगारी. यंदा दिवाळीनंतर भाऊ कायमचे मालवणला गेले आणि शाळेच्या समितीने त्यांच्या जागी मेजरसाहेबांना आणलं.

दशरथमामा भाऊंच्या पहिल्या दिवसापासूनचे. फौजेत ते कधी नव्हते. गिरणीत माग चालवणारे साचेवाले होते. संपात गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याजवळ घरी आणलेली लाल सुताची एक रीळ उरली होती. नव्या पोराला डावं-उजवं कळत नाही, घाबरलं की डावा हात आणि डावा पाय एकदमच पुढे टाकतं, म्हणून मामा पहिल्या दिवशी त्याच्या डाव्या मनगटाला दोरा बांधायचे. बाएं म्हटलं की दोऱ्याच्या बाजूचा पाय. दोनतीन महिन्यांनी पाय सरावला की स्वतःच्या हाताने दोरा सोडायचे आणि म्हणायचे, “आता तुझो पाय शाणो झालो.” हल्ली ते आरेतल्या एका तबेल्यात पहाटे गोठा धुवायचे आणि तिथूनच अंघोळ करून, कांजीची कडक इस्त्री मारलेला गणवेश घालून मैदानावर यायचे. उशीर कधी नाही.

कवायत संपल्यावर सगळे शिकवणारे स्टोअरच्या खोलीत चहाला जमले. रत्नप्रभाची अडीच वर्षांची उत्तरा रविवारी तिथेच सतरंजीवर खेळत असायची. खोलीत शिरताच रत्नप्रभाने आधी तिच्या हातात काय आहे ते पाहिलं, मग तोंडात काय आहे ते पाहिलं. बुटाची लेस होती. ती काढून घेतली.

“राजीनामा,” बेस्टमध्ये कारकून असलेला सीताराम टेबलावर थाप मारून म्हणाला. “सगळ्यांनी एकदम द्यायचा. वाट लागली पाहिजे त्या मेजरची. रत्ना, तू लिही. तू बी.ए. आहेस.”

“भाऊंनाही तू तीनदा दिला होतास,” नर्स सुगंधाताई बशीत चहा ओतत म्हणाल्या. “एकदा तर बिस्किटं संपली म्हणून.”

“तो विषय वेगळा होता! इथे मामांचा अपमान झालाय. ऐकलंत ना नवीन फर्मान? ड्रिल शिकवायला एक तर फौजी पाहिजे, नाहीतर एनसीसीचं सी सर्टिफिकेट पाहिजे. मामा पुढच्या रविवारपासून म्हणे स्टोअर सांभाळणार. बूट मोजणार! आणि त्यांची तुकडी कोणाला, तर म्हणे लवकरच कळेल.”

रत्नप्रभाच्या पर्समध्ये चार घड्या घातलेला कागद होता. तासाभरापूर्वी मेजरसाहेबांनी तो तिला दिला होता. कॉलेजात मिळवलेलं तिचं सी सर्टिफिकेट लग्नानंतर पाच वर्षं ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी पडून होतं. ते परवा तिने समितीकडे दिलं आणि मेजरसाहेबांनी नीट वाचलं. “मिसेस परब, तुमचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचतो,” ते म्हणाले होते. घरी तोच आवाज सासूबाईंना मोठा वाटायचा. तुकडी मिळाली तेव्हा आपल्याला आनंद झाला, हे ती स्वतःपासून लपवू शकत नव्हती. तेच तिला टोचत होतं.

“मला दिलीय,” ती म्हणाली. “मामांची तुकडी. मला.”

सीतारामने कप टेबलावर टेकवला. “झकास! म्हणजे राजीनाम्याचं पत्र चुकीच्याच बाईला सांगत होतो मी.”

“सीताराम, गप,” सुगंधाताई म्हणाल्या.

रत्नप्रभाने मामांकडे पाहिलं. “मामा, तुम्ही नको म्हणालात तर आत्ता जाऊन परत देते.”

मामा उत्तराच्या बुटाचं बक्कल लावत होते. ते लावून झालं, मग बोलले.

“परत दितंस आणि काय करतंस? दुसरो कोणतरी घेतलो. माझ्या पोरांवर कोणी अनोळखी वराडलो तर माका जेवण जावचा नाय. तू घे गो बाय.” मग सीतारामकडे वळून, “आणि तू रे, माझ्या नावान राजीनामे देव नको. माका रविवार होयो. बूट तर बूट.”

त्यांनी डोक्यावरची बेरे काढली, घडी सरळ केली आणि फळीवर, टोप्यांच्या रांगेत ठेवून दिली. शिकवणाऱ्यांखेरीज कोणी गणवेशात दिसू नये, हाही नवा नियम होता.

पुढचे दोन रविवार रत्नप्रभाच्या आवाजाचा काही उपयोग झाला नाही. दोरे गेले आणि पोरांचे पायही गेले. अर्धे डावा टाकायचे, अर्धे उजवा, आणि दोघं-तिघं लाकडी बाहुल्यांसारखे हात-पाय एकाच बाजूचे. कवायतीत ती सारखी डोकी मोजत होती. कोणाला ऊन लागत नाही ना, कोण पांढरा पडतोय, कोणी पाणी न पिता आलाय का. समोर सव्वीस जानेवारीचं संचलन होतं आणि मेजरसाहेब लांबून हाताची घडी घालून बघत होते.

तिसऱ्या रविवारी ती स्टोअरच्या खिडकीशी गेली.

“मामा, माझ्याच्याने होत नाहीये.”

“सायब काय म्हणालो? मनगटार नको, इतक्याच ना?” मामांनी खिशातून ते बावीस दोरे काढले. गुंता न होता एकत्र बांधलेले होते. “पायाक कळाक होया. मोज्याच्या आत बांध, डाव्या घोट्याक. बारा वर्सा मी हातात बांधलंय, माका आधी सुचला नाय. सैल ठेव हां. रक्त अडाक नको.”

सैल ठेवायचं तिला सांगायची गरज नव्हती. शाळेच्या पायरीवर बसून तिने बावीस घोट्यांना दोरे बांधले आणि प्रत्येकात स्वतःचं बोट घालून पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांची टाच एका आवाजात पडली. स्टोअरच्या खिडकीत मामांच्या हातातला पॉलिशचा ब्रश मध्येच थांबला, मग पुन्हा चालू लागला, आता बाएं-दाएंच्या ठेक्यावर.

सव्वीस जानेवारीला सकाळी मेजरसाहेबांनी रांगेची पाहणी केली. चौथ्या मुलापाशी ते थांबले. त्याचा डावा मोजा घसरला होता आणि घोट्यावर लाल दोरा स्वच्छ दिसत होता. रत्नप्रभा जागची हलली नाही.

“सर, हा माझा निर्णय आहे. पाय चुकले तर मला विचारा.”

मेजरसाहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बावीस डाव्या बुटांकडे.

“मोजा वर घे,” ते मुलाला म्हणाले आणि पुढे गेले.

घोटाळा दुसराच झाला. चार रविवार सराव केला तेव्हा पाहुण्यांचा मंच उजवीकडे, स्टोअरच्या भिंतीला लागून होता. पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून त्या दिवशी सकाळी तो डावीकडे हलवला. मंचासमोर आलं की आता ‘बाएं देख’ म्हणायचं. तिने दहा वेळा घोकलं होतं.

तुकडी निघाली. टाचा अशा पडत होत्या की पाहुणे पुढे वाकून बघायला लागले. मंच आला, रत्नप्रभाने श्वास घेतला, आणि त्याच क्षणी उजवीकडे स्टोअरच्या खिडकीत तिला उत्तरा दिसली. टेबलावर उभी! काठाला! नजर तिकडे गेली आणि नजरेमागून आवाज गेला.

“दाहिने... देख!”

बावीस मानांनी हुकूम तंतोतंत पाळला. पाहुण्यांकडे पाठ करून बावीस चेहरे स्टोअरच्या खिडकीकडे वळले. तिचा स्वतःचा सॅल्यूटही तिकडेच गेला.

खिडकीत मामा होते. एक हात उत्तराच्या कमरेभोवती घट्ट होता. पोर पडणार नव्हती. मामांनी ब्रश खाली ठेवला. मग उत्तराला उचलून जमिनीवर उभं केलं आणि स्वतः सरळ झाले. टाचा जुळल्या, छाती पुढे आली, दोन्ही मुठी पँटच्या शिवणीला लागल्या. हात वर गेला नाही.

चूक तिला कळली होती. एका हुकमात माना सरळ करता आल्या असत्या. पण मामा उभे होते. रत्नप्रभाने पोरांना खिडकी पार करेपर्यंत, पुरती अकरा पावलं, तसंच चालू दिलं आणि मगच आवाज दिला, “सामने देख!”

संचलन आटोपल्यावर मेजरसाहेब तिच्यापाशी आले.

“मिसेस परब, मंच कुठे होता?”

“डावीकडे, सर. चूक माझी. मुलांनी ऐकलं तेच केलं.”

“आणि सुधारायला अकरा पावलं?”

“तीही माझीच, सर.”

“पाय एकाचाही चुकला नाही,” ते म्हणाले आणि पाहुण्यांच्या चहाकडे निघून गेले.

ती स्टोअरमध्ये शिरली तेव्हा उत्तरा सतरंजीवर झोपली होती आणि मामा बूट जोडीने लावत होते.

“टोपी नव्हती गो,” मामा म्हणाले. “उघड्या डोक्यान सलाम करूचो नसता. नायतर दिलो असतो.”

त्यांनी फळीवरची आपली बेरे घेतली, बाहीने तिच्यावरची धूळ पुसली, बिल्ला बरोबर डाव्या डोळ्यावर येईल अशी तिची घडी बसवली. आणि पुन्हा टोप्यांच्या रांगेत, होती तिथेच, ठेवून दिली.