सर्जाच्या गळ्यातला साखळदंड

मी साखळदंड बोलतोय. गोणीतून बोलतोय, म्हणून आवाज दबका येईल. कान देऊन ऐका. दोनदा सांगायची मला सवय नाही.

माझ्यात एकच गुण आहे. मी सोडत नाही. माणसांना हा गुण फार आवडतो. आवडला की ते पुढचा विचार करणं थांबवतात.

माझं लोखंड रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या भट्टीत वितळलं. तिथं पाखरंसुद्धा काळी होऊन उडतात. कड्या वळल्या, त्यांची तोंडं तापवून जोडली, आणि मी झालो. माझ्या बरोबरीचे ट्रकांवर गेले, सळया आणि पाइप आवळायला. ते मानाचं काम. मीही तिकडेच गेलो असतो. पण मला गोल बाजारात एका दुकानाच्या दारात टांगलं, आणि तिथं नरहरी आला.

नरहरी म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला म्हातारा. मूळचा हिंगणघाटकडचा. बापाच्या दारात बैलजोडी होती. नोकरीनं त्याला रायपूरला आणलं आणि त्यानं बीरगांवच्या अलीकडे घर बांधलं. गाव सुटलं, पण डोक्यातला गोठा काही त्यानं मोडला नाही.

दुकानदारानं त्याच्यापुढे कुत्र्याची चकचकीत साखळी धरली.

"हे पोरीच्या गळ्यातली हाये," नरहरी म्हणाला. "थो वरचा काढ."

"बाबूजी, कुत्ते के लिए चाहिए कि हाथी के लिए?"

"जनावर हाये. जनावराले जे लागते थे दे."

त्यानं मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. मी हललो नाही. तो खूश झाला. इथंच त्याचं चुकलं. साखळदंड तुटतो का एवढंच त्यानं पाहिलं. ज्याच्या गळ्यात घालायचा तो कसा वागतो, हे पाहिलं नाही.

जनावर होतं त्याच्या मुलानं आणलेलं. मुलगा निरंजन. नव्या रायपुरात कचेरीत बसतो. साहेबाच्या बंगल्यावर मोठं कुत्रं पाहिलं, म्हणून यालाही हवं झालं. ग्रेट डेनचं पिल्लू आणलं. गुडघ्याएवढं होतं तोवर घरातला जो तो त्याच्यासोबत फोटो काढी. वासराएवढं झालं आणि फोटो बंद पडले. मग प्रश्न आला, याला ठेवायचं कुठं? हा प्रश्न पिल्लू आणण्याआधी विचारायचा असतो. माणसं तो नंतर विचारतात, आणि तेही एकमेकांना.

निरंजननं त्याचं नाव ऑस्कर ठेवलं. नरहरीनं सर्जा ठेवलं. बापाच्या बैलाचं नाव. कुत्रं दोन्ही नावांना येई. ज्याच्या हातात भाकर, त्याचं नाव खरं.

अंगणाच्या मधोमध रुळाचा एक तुकडा गाडलेला होता. तो खुंटा. माझं एक टोक खुंट्याला, दुसरं सर्जाच्या पट्ट्याला. मी तेव्हा आखूड होतो. सर्जा भिंतीपर्यंत पोचत नसे. तो खुंट्याभोवती फिरे, फिरे, आणि अंगणात मातीची एक गोल वाट पडली. सकाळी कारखान्यांची काजळी त्या वाटेवर बसलेली असे आणि तो ती पुन्हा तुडवी. मानेवरचे केस झडले. आधी तो दारात आलेल्या प्रत्येकाला शेपूट हलवायचा. मग दात दाखवायला लागला. घरातले म्हणाले, कुत्रं राखणीला चांगलं निघालं. राखण कसली? ज्याला सरकता येत नाही तो दुसरं काय करणार?

सून अनुश्री एकटी त्याच्या मानेला खोबरेल लावी. एक दिवस तिनं विषय काढला. सगळे अंगणात चहा पीत बसले होते.

"बाबा, त्याची मान पाहा न. चारी बाजूनं जाळी करू, चांगली मोठी जागा घेऊ. वरतून पत्रा टाकू, सावली राहीन."

"अरे यार, इतना झमेला काहून?" निरंजन मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. "मी पट्टा मागवतो. जमिनीत तार गाडायची. हा तारेजवळ गेला की गळ्यात करंट. भिंत नको, जाळी नको. दिसत बी नाही."

"दिसत नाही थे त्याले समजन कसं रे?" म्हातारी विमला म्हणाली. "आन् बाहेरचे कुत्रे अंदर घुसले त त्याहिले कोण करंट देईन? तू?"

"मम्मी, तू टेक्निकल में मत पड़."

नरहरीनं कप खाली ठेवला. "जनावर खुंट्याले असते. झालं."

"बाबा, थो बैल नाही," अनुश्री म्हणाली.

"मंग काय कलेक्टर हाये?"

निरंजन हसला. विमलाही हसली. अनुश्री कप गोळा करून आत गेली. बैठक संपली. ज्याची मान होती तो माझ्या टोकाला बसून माशा हाकत होता.

मग पोळा आला.

नरहरीच्या गावाकडं पोळ्याला बैलाच्या अंगावर जुनं काही ठेवत नाहीत. नवी वेसण, नवा कासरा, खांद्याला हळद आणि तूप. त्या दिवशी बैलाला जू नाही, चाबूक नाही. रायपुरात नरहरी दर वर्षी मातीच्या बैलांवर भागवी. या वर्षी त्याच्या दारात जनावर होतं. त्यानं सर्जाच्या मानेला हळद-तूप चोळलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"सणाच्या दिवशी आखूड दाव्यात ठिवू का याले?" तो विमलाला म्हणाला. "थोडी मोकळीक पाह्यजे."

त्यानं माझ्याच जाडीचा आणखी एक तुकडा आणून ठेवला होता. तो मला नट-बोल्टनं जोडला. पान्यानं आवळला. ढिला पडू नये म्हणून बोल्टचं टोक हातोडीनं ठेचलं. काम पक्कं केलं. त्याचं कुठलंच काम कच्चं नसतं, हीच तर पंचाईत.

बैलाचं दावं लांब केलं तर बैल चार पावलं जास्त चरतो आणि रवंथ करत बसतो. नरहरीला तेवढंच माहीत होतं. बैल भिंतीवरून उडी मारत नाही.

भिंत आमच्या बाजूनं छातीएवढी. पलीकडे शेजारच्या मीराबाईचं अंगण. घर बांधताना नरहरीनं आपल्या जागेत मुरूम भरून ती उंच केली होती, मीराबाईची तशीच खाली राहिली. म्हणून तीच भिंत तिकडून माणसापेक्षा उंच. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाचं पाणी तिच्याकडे उतरतं म्हणून मीराबाई दर पावसाळ्यात भांडत असे.

सर्जाला कुंकू लागलं, पुरणपोळी मिळाली. तो पहिल्यांदा भिंतीलगतच्या कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसला. नरहरी उंबऱ्यात उभा राहून पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर मी समाधान पाहिलं. मग सगळे जेवायला आत गेले.

मीराबाईकडे पोरा, म्हणजे छत्तीसगढी पोळा, चालला होता. ती चुलीवर बेसनाची ठेठरी तळत होती. तिची नातवंडं मातीच्या नांदिया बैलाला दोरी बांधून ओढत होती. त्याला मातीचीच चाकं. सिमेंटच्या अंगणात तो खडखड, खडखड करत इकडून तिकडं जाई.

सर्जाचे कान उभे राहिले. त्याला राग आला नव्हता, एवढं मी सांगतो. त्याच्या गळ्यात मी होतो, मला कळतं. त्याला खेळायला जायचं होतं. दोन पावलं मागं सरला आणि उडाला.

मी त्याच्यामागं खणखणत गेलो. भिंतीच्या डोक्यावर ताणलो. त्याचे मागचे पाय पलीकडच्या जमिनीला टेकायच्या आधीच मी संपलो.

मी सोडत नाही. सांगितलं होतं ना?

"बबा! ए बबा! दउड़! तोर कुकुर लटक गे!" मीराबाई ओरडली. ओरडून थांबली नाही. झारा फेकला, पळत आली, आणि वासराएवढ्या त्या धुडाखाली आपला खांदा घातला. त्याच्या नख्या तिच्या पाठीत रुतत होत्या. तरी हलली नाही.

नरहरी आला तो अनवाणी, हाताला पुरण लागलेलं. त्याला लगेच कळलं की इकडून ओढलं तर गळा आणखी आवळेल. सोडवायचं तर बोल्ट. तो बोल्टवर तुटून पडला. पाना बसेना. ठेचलेलं टोक फिरेना. आपल्याच हातच्या पक्क्या कामाशी म्हातारा झुंजत होता आणि ते काम त्याला दाद देत नव्हतं.

"कैंची लाओ! कैंची!" निरंजन अंगणभर ओरडत फिरत होता. कैची. माझ्यासाठी.

 अनुश्रीनं साडी खोचली आणि भिंतीवरून पलीकडे उडी टाकली. एक हात सर्जाच्या छातीखाली, दुसरा पट्ट्याच्या बकलाला. मीराबाईनं खालून जोर केला. बकल निघालं.

मी एकदम सैल पडलो.

नरहरीच्या हातात मी सैल पडलो आणि त्याला वाटलं, गेला. पाना त्याच्या हातून गळला. तो तिथंच खुंट्याजवळ मातीत बसला. भिंत हाकेवर होती. पण उठून पलीकडे डोकावायची त्याची छाती झाली नाही.

मग पलीकडून खोकला आला. कुत्र्याचा. घरघरीत, ओला. त्यामागून मीराबाईचा आवाज आला.

"तिहार के दिन कुकुर ला फांसी देथव, बबा? लाज नइ लागय?"

नरहरीनं कधी कुणाचं ऐकून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. सणाच्या दिवशी कुत्र्याला फाशी, हे त्यानं ऐकून घेतलं.

सर्जा वाचला. बरेच दिवस त्याला भुंकता येत नव्हतं, नुसती हवा निघे.

दुसऱ्या दिवशी नरहरीनं खुंटा उपटला. एकट्यानं. कुणी हात लावायला आलं की अंगावर जाई. मी चुकलो, हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. तो अनुश्रीसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जाळीचं दार कोनीकडून ठिवू?"

ती म्हणाली, "घराकडून, बाबा. त्याले माणसं दिसली पाह्यजे."

"हव."

बीरगांवहून वेल्डिंगवाला आला. नरहरी खुर्ची टाकून त्याच्या डोक्यावर बसला. उंची ठरवायला त्यानं सर्जाला भाकर दाखवून मागच्या पायांवर उभा केला, नाक कुठं लागतं तिथं खूण केली, आणि म्हणाला, याच्या वर आणखी माणूसभर. खालून कुत्रं उकरतं म्हणून जाळीचा तळ सिमेंटात पुरला. वर पत्रा, पत्र्यावर गवत. बसायला उंच ओटा, पाण्याला दगडी कुंडी. दारं दोन, एकामागं एक, म्हणजे एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

"बाबा, इतकी उंच काहून? जेल वाटून राहिली," निरंजन म्हणाला.

"तू अंदर जा. उडी मारून बाहेर ये. मंग कमी करतो."

निरंजन गेला नाही. सकाळ-संध्याकाळ कुत्रं फिरवायचं काम मात्र म्हाताऱ्यानं त्याच्या गळ्यात घातलं. जाळी बांधली म्हणून पाय बांधून ठेवायचे नाहीत, असं त्याला बजावलं.

मला ती जाळी आवडत नाही. तिच्यात एक धड जाड तार नाही. एकेकटी घेतली तर मी तिला गाठ मारून ठेवीन. पण सर्जा तिला पाठ लावून झोपतो. माझ्याजवळ तो कधी झोपला नाही. दमून पडायचा.

मी पडवीत खिळ्याला लटकत राहिलो. एका रविवारी निरंजनच्या कचेरीतला प्रशिक घरी आला. त्यानंही मोठ्या जातीचं पिल्लू आणलं होतं. जाळी त्यानं पाहिली, छान म्हणाला, आणि माझ्यापाशी येऊन थांबला.

"काकाजी, ये तो मस्त चीज है. मले देता का?"

"काय करशीन?"

"गच्चीवर बांधतो पिल्लाले. लांब बी हाये, मोकळं राहीन बिचारं."

गच्ची. कठडा. आणि मोकळीक. नरहरीचा चेहरा असा झाला की प्रशिक एक पाऊल मागं सरला.

"बैल हाये का थो?"

"नाही, काकाजी. कुत्राच हाये."

"मंग बांधतं काहून? पह्यले जागा कर. तोवर घरात ठेव. सोफ्यावर ठेव. बायको वरडली त बायकोले इकडं पाठव."

प्रशिक हसला. नरहरी हसला नाही. त्यानं मला खिळ्यावरून काढलं, मांडीखाली दाबलं आणि लोखंड कापायची आरी लावली. पाहुण्यासमोर. चहा गार झाला. निरंजन म्हणाला, बाबा, कटर मागवतो, एका मिनिटाचं काम आहे. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. पातं मोडलं, दुसरं लावलं. दुपार उलटली तरी तो घासतच होता. प्रशिक बसून पाहत राहिला, आणि जाताना त्यानं जाळीची उंची विचारून घेतली.

आता माझा एकही तुकडा कुणाच्या गळ्याभोवती पुरणार नाही. नरहरीनं प्रत्येक तुकडा स्वतःच्या मनगटाला लावून पाहिला आणि मगच गोणीत टाकला.

भंगारवाल्याची गाडी वळणावर ओरडतेय. इथून सिलतरा, तिथून भट्टी. मला दुःख नाही. विनवणी करायचा माझा स्वभावही नाही. बजावून जातो. पुढच्या वेळी मला ट्रकावर घाला, विहिरीवर घाला, फाटकाला घाला. श्वास चालतो अशा गळ्यात घालू नका. तुम्ही माया करता, सण करता, आणि जेवायला आत निघून जाता.

मी सोडत नाही.