मुक्या मावशीची हाक

“घाबरलंच नाही हो ते,” पाडसाला टेबलावर ठेवत तो माणूस म्हणाला. त्याचा शर्ट रक्ताने माखला होता. “आतून पोरीने आईला हाक मारली. बायको म्हणाली, ‘आले गं, आले.’ तर हे कुंपणावरून उडी मारून थेट आमच्या दारात! अंगणात दोन कुत्री बांधायची राहिली होती. पळून जावं की नाही? कुत्री तुटून पडली तरी उभंच राहिलं, बायकोकडे बघत.”

मावशी पाडसाचं डोकं धरून उभ्या होत्या. कानातला पिवळा बिल्ला बघायची गरज नव्हती. तो त्यांनीच अडकवला होता.

जखमी आणि पोरक्या जनावरांच्या या केंद्रात मावशींची बावीस वर्षं गेली होती. घरचे त्यांना रेडिओ म्हणायचे, आणि इथे त्यांचं नाव मुकी मावशी. नियमच तसा होता. रानात परत जायच्या पिल्लाला दूध पाजताना करडा झगा घालायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. माणसाचा आवाज ओळखीचा झाला की जनावराची भीती जाते, आणि भीती गेली की ते जगत नाही. नव्या पोरींना हे मावशीच दरडावून सांगायच्या. दिवसभर तोंड शिवलेलं ठेवायचं आणि संध्याकाळी धाकट्या बहिणीला फोन लावून सगळं भडाभडा ओकायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

उन्हाळ्यात बहीण गेली. त्याच आठवड्यात हे पाडस आलं, मूठभर जिवाचं, मेलेल्या आईच्या पोटाशी सापडलेलं. तिसऱ्या दिवशी ते ओरडलं आणि मावशींच्या तोंडून निघून गेलं, “आले गं, आले.” मग रोजच. आज कढी फाटली, गुडघा ठणकतोय, फोनमधून तिचा नंबर पुसायला हात होत नाही. अकरा दिवस मावशी बोलल्या आणि पाडसाने कान टवकारून सगळं ऐकलं. बाराव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली आणि फडकं पुन्हा घट्ट बांधलं. सोडायच्या वेळी पाडस चौखूर उधळत रानात गेलं, तेव्हा त्यांना वाटलं, विसरलं असेल.

“मावशी,” त्या माणसाला बाहेर बसवून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कुणी बोलत होतं का हिच्याशी?”

नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

“मी,” मावशी म्हणाल्या. “मीच मारलं हो हिला.”

 डॉक्टरीणबाईंनी जखमेवरची पट्टी उचलून पाहिली, पुन्हा ठेवली आणि सुई भरायला घेतली.

“हिला वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. दुखू नये एवढंच बघू,” त्या म्हणाल्या. “आता नियम नाही, मावशी. बोला तिच्याशी.”

बावीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.   मावशी वाकल्या आणि पिवळ्या बिल्ल्यापाशी तोंड नेऊन म्हणाल्या, “आले गं. आले.”

कान हलला. आवाजाच्या दिशेने वळला आणि तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं पिल्लू आलं. आठवड्याचंही नसेल. मावशींनी दूध कोमट केलं, झगा चढवला, फडक्याला एकाऐवजी दोन गाठी मारल्या. दाराची चाहूल लागताच ते आईसाठी ओरडायला लागलं. मावशींचा जीव नुसता तुटत होता. त्यांनी फडक्याची कड दातांत घट्ट धरली, गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या आणि बाटली पुढे केली.