डर्बनची पोती

हिलाल नानांनी काळ्या रंगात कुंचला बुडवून पोत्यावरच्या ‘डर्बन’ या अक्षरांवर नेला, तोच ती मिरची पिकवणाऱ्या सुकदेवने त्यांचं मनगट धरलं. दोंडाईच्याच्या बाजारात एवढ्या जुन्या दलालाचा हात असा कुणी धरत नसे. वखारीतले हमाल थबकले.

“सोड,” नाना म्हणाले. “निशाणी बदलीसन माल तिकडनाच पोर्तुगीजस्ना बंदरमा उतारू. तठून डर्बन कितलं दूर शे?”

“सरकारनी बंदी शे, नाना.”

“तठली मिरची बठ्ठी आपलीच मानसं खातस. गोरा जिभले बी लावत नही. मंग हाऊ दंड कोनले?”

सुकदेवने मनगट सोडलं नाही. त्याचा धाकटा भाऊ पुना डर्बनला एका सुरती व्यापाऱ्याच्या दुकानात कारकून होता, आणि सुकदेवच्या शेतातली मिरची दरसाल त्याच दुकानात जाई. हिंदी माणसाने गोऱ्यांच्या वस्तीत घर-जमीन घेऊ नये, असा कायदा तिथे शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात झाला. म्हणून आषाढात इथल्या सरकारने त्या देशाशी व्यापारच तोडला.

“तरी बी नही,” तो म्हणाला, आणि गाडी जुंपून सगळी पोती घरी घेऊन आला.

पुनाची बायको कमलबाई दाराआड उभी होती. थोरल्या दिराशी, जेठाशी, बोलायची रीत नव्हती, म्हणून तिच्या वतीने जाऊ भागाबाई नवऱ्याला म्हणाली, “ती म्हनस, माल धाडा. दुकान बंद पडनं तं त्यास्नी नोकरी जाई.”

सुकदेव बधला नाही. झालं ते त्याने पुनाला पत्रातून कळवलं. पोळ्यापर्यंत ओल लागून मिरचीला बुरशी धरली. भागाबाईने नाकाला पदर लावून ती उकिरड्यावर टाकली. कमलबाई हात लावायला आली नाही. सुकदेव जेवायला बसला की ती उठून गोठ्यात जाई.

दिवाळी उलटल्यावर पुनाचं पत्र आलं. सुकदेव ओसरीवर बसून मोठ्याने वाचू लागला.

‘दादा, कायदा जागचा हललेला नाही. मिरची दुप्पट महाग झाली, एवढंच. दुकान चालू आहे...’ इथे तो अडखळला, मग घाईने पुढे गेला. ‘उद्या दुकान सोडून मी कायदा मोडायला, हिंदी लोकांना मनाई असलेल्या जागेवर तंबूत बसायला जातो आहे. तीनेक महिने तुरुंग होईल. काळजी नसावी.’

भागाबाईने डोळ्यांना पदर लावला. कमलबाई दाराआडून बाहेर आली आणि सुकदेवच्या समोर येऊन उभी राहिली.

“भाऊ.”

लग्नाला सहा वर्षं झाली होती. जेठाशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

“मधली ओळ वाचा. तुम्ही गिळी गयात ती.”

सुकदेवने त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने वाचलं,

‘इतके दिवस मी मान खाली घालून गप्प होतो. तू पोती परत नेलीस हे वाचलं, आणि मला दुकानात बसवेना.’

मान वर करून तिच्याकडे बघायचं सुकदेवला धाडस होईना.

“परत वाचा,” कमलबाई म्हणाली, आणि ऐकायला तिथेच ओसरीवर बसली.