पहिल्या लेनमधली काळी पट्टी

मिस्त्री पाण्यात उतरले ते गुडघ्यांपायी. तेहतीस वर्षं उकिडवं बसून लोकांच्या घरांत फरशा बसवल्यावर त्या गुडघ्यांनी एके दिवशी हात वर केले. डॉक्टरांनी ते वाकवून, दाबून, आतली कुरकुर ऐकून पाहिली आणि म्हणाले, "पोहायला जा. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही."

"मला पोहता येत नाही."

"मग शिका. तुमच्याकडे वेळ आहे. गुडघ्यांकडे नाही."

ही बातमी मिस्त्रींनी बायकोला सांगितली, बायकोनं लेकीला आणि लेकीनं सासऱ्यांना. तिथं ती थांबली, कारण सासऱ्यांना ती हवीच होती. ते कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. सगळं गाव त्यांना सर म्हणे, व्याही असूनही मिस्त्री सरच म्हणत. सरांना वर्षभरापूर्वी पोहण्याचा नाद लागला होता, आणि नव्या नादाला जोडीदार लागतो.

"व्याही, उद्या सहाला तयार राहा," फोनवर हुकूम आला. "टोपी आणि गॉगल मी आणतो."

"माप विचारलं नाहीत."

"अंदाजानं आणतो."

अंदाज हा शब्द मिस्त्रींना मुळातच पसंत नव्हता, आणि टोपीनं ते खरं केलं. ती इतकी घट्ट निघाली की भुवया वर ओढल्या गेल्या आणि पहिला तासभर मिस्त्री प्रत्येक गोष्टीकडे आश्चर्यानं बघत असल्यासारखे दिसत राहिले.

तलाव पाहून मात्र त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. अठरा वर्षांपूर्वी या तलावाचा तळ त्यांनीच बसवला होता. तेव्हा तो कोरडा खड्डा होता, पाण्यानं भरलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. हे समजल्यावर सरांना काय करू नि काय नको झालं. कपडे बदलायच्या खोलीपासून काठापर्यंत भेटेल त्याला ते सांगत सुटले, "हा सगळा तळ आमच्या व्याह्यांचा. यांची रेघ म्हणजे रेघ. पट्टी घेऊन या, एक मिलिमीटर इकडेतिकडे सापडला तर मला विचारा."

"पाण्यात पट्टी कोण आणणार, सर," बँकेत नोकरी करणाऱ्या बाई म्हणाल्या. त्या वजन कमी करायला येत आणि तासातला बराच वेळ काठ धरून बोलत. "तुम्ही म्हणता तर असेल."

मोठ्यांच्या बॅचला पहिली लेन मिळे, भिंतीलगतची. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तरंगत्या गोळ्यांची दोरी. दमलं की भिंत धरायची सोय. मिस्त्रींनी सात दिवस उथळ टोकाला फळी धरून पाय मारण्यात घालवले. कोचबाई तिशीच्या होत्या, गळ्यात शिट्टी अडकवत पण वाजवत नसत. त्यांचा आवाजच पुरे. आठव्या दिवशी त्यांनी फळी काढून घेतली.

"काका, तुम्ही मान वर काढता, म्हणून पाय बुडतात. मान खाली. तळाला ती काळी पट्टी दिसते ना? तिच्यावर नजर ठेवायची आणि सोडायची नाही. पट्टी नेईल तसं जायचं."

"पट्टी कशाला नेईल?"

"म्हणजे? पाण्यात तोंड घातल्यावर सरळ चाललोय हे कळणार कसं? त्यासाठीच तर असते ती."

मिस्त्री पाण्यात उभ्या उभ्या गार पडले. अठरा वर्षं ते समजत होते की काळी पट्टी म्हणजे शोभा. चादरीला काठ असतो तसा. ज्यानं जन्मात पोहून पाहिलं नाही, त्याला दुसरं काय वाटणार?

आणि पहिल्या लेनच्या पट्टीत एक भानगड होती. त्या लेनच्या नेमक्या मधोमध पाणी सोडायची लोखंडी जाळी होती. तिच्या चौकटीभोवती फरशा कापून बसवायच्या तर दोन दिवस जाणार होते आणि ठेकेदार रोज काठावर उभा राहून मनगटावरचं घड्याळ दाखवत होता. तेव्हा मिस्त्रींनी जाळीच्या सहा मीटर आधीपासून पट्टी हळूच दोरीच्या बाजूला सरकवत नेली, दीड वीत वळसा घातला आणि पुढच्या सहा मीटरांत परत जागेवर आणली. इतक्या सफाईनं, की वळण कुठे सुरू झालं ते त्यांच्या हाताखालच्या गड्यालाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बायकोजवळ त्या सफाईची फुशारकीसुद्धा मारली होती.

त्यांनी मान वळवून सरांकडे पाहिलं. सर मोठ्या निष्ठेनं पट्टीवरून चालले होते. जाळीपाशी पोचले, डावा हात पुढे पडला आणि थेट दोरीवर आपटला. गोळे खडखडले.

"सर, उजवा हात," कोचबाई ओरडल्या. "उजवा जोर जास्त लावतोय, म्हणून डावीकडे जाताय."

सर पलीकडे पोचून वळले. येताना त्याच जागी उजवा हात दोरीवर आपटला.

"आता डावा," कोचबाई म्हणाल्या.

त्या दिवशी चहा पिताना सरांनी आपली वही उघडली. तीन महिन्यांच्या नोंदी होत्या, तक्ते होते, आलेख होता. "व्याही, माझा प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे. जाताना उजवा हात ताजा असतो, म्हणून जोर जास्त आणि मी डावीकडे जातो. परतताना तो थकतो, डावा सूत्रं हातात घेतो आणि मी उजवीकडे जातो. यावर उपाय म्हणून जाताना मी उजवा हलका ठेवतो आणि येताना डावा. अजून जमत नाही."

"अच्छा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला.

"येत्या रविवारी परीक्षा आहे. दोरीला हात न लावता दहा फेऱ्या केल्या की पुढच्या बॅचमध्ये घेतात. दोनदा नापास झालो." सरांनी वही मिटली. आवाज जरा खाली गेला. "मागच्या आठवड्यात नसांची तपासणी करून आलो. घरी सांगितलं नाही. दोन्ही हातांचा मेळ बसत नाही म्हणजे मेंदूतच काही... तसं काही निघालं नाही. पण या खेपेला जमलं नाही तर थांबणार. आपलं शरीर आपलं ऐकेनासं झालं, हे माणसानं वेळेत ओळखावं."

मिस्त्री घरी आले आणि जेवताना भाताकडे बघत बसले.

"गुडघे दुखताहेत?" बायकोनं विचारलं.

"गुडघे ठीक आहेत. सरांचे हात बिघडलेत, आणि ते मी बिघडवलेत."

त्यांनी सगळं सांगितलं. ती पोळी मोडता मोडता थांबली, मग हसू लागली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"हसतेस काय? ते माझं नाव घेऊन हिंडताहेत. रेघ म्हणजे रेघ म्हणे. उद्या सांगितलं तर लेकीच्या सासरी माझं काय राहील?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"नाही सांगितलं तर काही नाही. ते पोहणं सोडतील."

"मग ठरवा. तुमचं नाव मोठं की त्यांचे हात," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण अडचणीच्या वेळी ताट उचलण्याची तिची घाई तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सरांना गाठून उथळ टोकाच्या कोपऱ्यात घेऊन गेले.

"सर, एक विचारू? जाताना तुम्ही कुठल्या दोरीला लागता?"

"डावीकडच्या."

"आणि येताना?"

"उजवीकडच्या."

"पण सर, या लेनला दोरी एकच आहे. दुसरीकडे भिंत आहे."

 सरांनी दोरीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा दोरीकडे. चेहऱ्यावरून तीस वर्षांचं भौतिकशास्त्र एकेक वर्ष करून उतरत गेलं.

"म्हणजे," ते हळू बोलले, "मी दोन बाजूंना जात नाही. मी दोन्ही वेळा एकाच बाजूला जातो."

"तुम्ही नाही जात. पट्टी जाते. मी नेली आहे तिला." आणि मग मिस्त्रींनी जाळी, ठेकेदार, घड्याळ, दीड वीत, सगळं एका दमात सांगून टाकलं. "मला वाटलं, पाण्याखाली कोण बघतंय. तेवढंच बघतात हे माहीत नव्हतं."

 सरांनी गॉगल चढवून टोकाशी बुडी मारली. वर येऊन म्हणाले, "भिंतीपासून पट्टीपर्यंत नऊ फरशा." पोहत जाळीपाशी गेले, बुडाले, धापा टाकत वर आले. पुन्हा बुडाले. परत आले ते तांबारलेल्या डोळ्यांनी.

"बारा आणि वर एक तुकडा."

"तुकडा तिरका कापलाय. दिसला?"

"दिसला. काम सुरेख आहे हो," सर नाइलाजानं म्हणाले. मग भिंतीला टेकले. "मी तीन महिने आलेख काढला, व्याही. तपासणीत माझ्या दंडात सुया टोचल्या."

"चुकलंच माझं."

"तुमचं चुकलं ते अठरा वर्षांपूर्वी आणि एकदाच. मी रोज सकाळी चुकतोय." ते थोडे पुढे झुकले. "ते दोरी एकच असल्याचं... ते बाकी कोणाला सांगायची गरज नाही."

"नाही सांगत. पण पट्टीचं मला सांगावं लागेल. त्या लेनमध्ये बाकीचे पण पोहतात."

रविवारी सगळे जमल्यावर, शिट्टी गळ्यात नीट करून कोचबाई यादी काढत होत्या, तेव्हा मिस्त्री पुढे झाले. टोपी हातात धरून त्यांनी सांगितलं, सरांना सांगितलं त्याहून थोडक्यात आणि थोडं पडेल आवाजात. कोचबाईंनी यादी खाली केली.

"काका," कोचबाई म्हणाल्या, "मी चार वर्षं या लेनमध्ये लोकांचे हात दुरुस्त करतेय. माझं म्हणणं असं होतं की माणसं उजवखुरी असतात, म्हणून डावीकडे जातात."

"आणि येताना उजवीकडे का जातात?" बँकेतल्या बाईंनी विचारलं.

कोचबाईंनी यादीत डोकं घातलं. सर एकदम गॉगल पुसायला लागले.

"मला आधीच शंका होती," बाई पुढे म्हणाल्या. "म्हणून तर मी काठ सोडत नाही." मग मिस्त्रींकडे वळून, "आमच्या न्हाणीघराची फरशी बदलायची आहे. तुम्हालाच सांगणार होते. आता मधोमध जाळी आहे, ते आधीच सांगून ठेवते."

सगळे हसले. मिस्त्रींचे कान तापले, पण तेही हसले. "दोन दिवस जास्त लागतील," ते म्हणाले. "चौकटीभोवती कापून बसवीन."

परीक्षा दुसऱ्या लेनमध्ये घ्यायची ठरली. सर ताठ मानेनं उतरले. आता अडथळा असा राहिलाच नव्हता. पट्टी सरळ, हात शाबूत. त्यांनी पहिली फेरी सुरू केली आणि निम्म्यावर पोचताच उजवा हात दोरीवर आपटला. परतताना त्याच जागी डावा. तीन महिने जाताना उजवा आणि येताना डावा हलका ठेवायची सवय घोटून घोटून अंगात मुरली होती. ज्या दोरीला ते पहिल्या लेनमधून धडकत, तिलाच आता पलीकडून धडकत होते.

चौथ्या फेरीला कोचबाईंनी त्यांना थांबवलं. "सर, पुढच्या महिन्यात."

सर काठाला आले ते हसतच. मिस्त्रींना वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"वही कुठे आहे माझी?" सरांनी विचारलं. "ही चूक खरी आहे, व्याही. अस्सल. हात आपण बिघडवले, म्हणजे आपल्यालाच दुरुस्त करता येतील. नसांचा काही संबंध नाही." त्यांनी ओल्या बोटांनी पान उलटलं. "पुढचा महिना काय, दोन लागू देत."

"म्हणजे सोडत नाही?"

"सोडतो कसला. तुम्ही उतरा आधी. दहा दिवस झाले, अजून फळी सोडून एक फेरी नाही तुमची."

कोचबाईंनीही तेच सांगितलं. "काका, कुठल्या लेनमध्ये? दुसरी मोकळी आहे."

मिस्त्रींनी टोपी चढवली, भुवया वर गेल्या. "पहिलीच बरी. ती कुठे फसवते ते मला माहीत आहे."

त्यांनी तोंड पाण्यात घातलं आणि निघाले. पाय बुडत होते, श्वास घेताना निम्मं पाणी आत जात होतं. तरी खाली त्यांचंच काम एकेक फरशी करून मागे सरत होतं. एका जागी सांधा उखडला होता, तो त्यांनी मनात टिपून ठेवला. मग पट्टी हळूच दोरीकडे निघाली. त्यांना ती जागा बरोबर कळली. त्यांनी तिला जाऊ दिलं आणि स्वतः सरळ गेले. जाळी पोटाखालून गेली, अगदी मधोमध.